नववा प्रश्न

त्या तरुणाला मी दोन महिन्यांत तीन वेळा तपासलं. पहिल्यांदा तो छातीत जळजळतंय म्हणून आला, दुसऱ्यांदा झोप लागत नाही म्हणून, तिसऱ्यांदा अंगात ताकदच उरली नाही म्हणून. मी आधी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, मग झोपेच्या, मग बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन दिलं. तिसऱ्या खेपेला जाताना तो दाराच्या चौकटीला हात लावून क्षणभर थांबला. बाहेर तीसेक पेशंट खोळंबले होते. मी घंटी वाजवली, पुढचा पेशंट आत आला आणि तो बाहेर गेला. त्यानंतर अकरा दिवसांनी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं.

हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. बायकोला सांगितलं होतं, तेही अर्धवट. गडहिंग्लजच्या परिसरात मी अठ्ठावीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून इथले तपशील थोडे बदलले आहेत. माझा दोष मात्र जसा होता तसाच ठेवला आहे.

ती बातमी कळली त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की तो काही बोललाच नाही, मग मला कसं कळणार? पुढे कित्येक वर्षं मी हेच वाक्य धरून बसलो. ते खोटं नव्हतं. तो खरंच काही बोलला नव्हता. पण मीही काही विचारलं नव्हतं, आणि हा वाक्याचा दुसरा अर्धा भाग मी कधी उच्चारला नाही.

विचारलं का नाही, याची कारणं माझ्याकडे तयार होती. पहिलं कारण शिक्षणाचं. आमच्या वेळी एम.बी.बी.एस.च्या साडेचार वर्षांत मानसोपचार विभागात फक्त दोन आठवडे काढावे लागत. त्या विषयाची वेगळी परीक्षा नव्हती, त्यामुळे तेही दोन आठवडे आम्ही निम्मेच भरायचो. त्यातून डोक्यात एवढंच बसलं की मनाचे आजार म्हणजे ओरडणारे, कपडे फाडणारे, बांधून आणलेले लोक, आणि त्यांची जागा आपल्या दवाखान्यात नाही. आमच्या कोल्हापूर भागात ‘याला रत्नागिरीला न्या’ म्हटलं की दुसरं काही सांगावं लागत नाही. पलीकडे बेळगावच्या बाजूला तेच ‘धारवाडला न्या’ असतं. मीही दोन-चार जणांना तसं सांगितलं आहे, आणि सांगताना आवाज खाली आणला आहे, जणू त्या घराची काही बदनामीच चालली होती.

दुसरं कारण भीतीचं. जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, असं मला मनापासून वाटायचं. आणि चुकून कुणी ‘हो’ म्हणालाच तर? पुढे पोलीस, जबाब, कोर्ट. आत्महत्येचा प्रयत्न हा तेव्हा गुन्हाच धरला जाई. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 सालचा. तो मे 2018मध्ये लागू झाला आणि अशा माणसाला शिक्षेची नव्हे, उपचारांची गरज आहे हे कायद्यानेच मान्य केलं. त्याआधीची माझी भीती खरी होती. पण कायदा बदलल्यावरही मी विचारत नव्हतोच, तेव्हा भीतीवर सगळं ढकलणंही बरोबर नाही.

तिसरं कारण मला सर्वांत जास्त आवडायचं, कारण ते अभिमानाचं होतं. 2016च्या सुमारास तालुक्याच्या गावी आम्हा डॉक्टरांची एक बैठक होती. तिथे एका तरुण मुलाने टॅब्लेट दाखवला. आशा कार्यकर्ती घरी जाऊन ठरावीक प्रश्न विचारणार, उत्तरं डॉक्टरच्या पडद्यावर येणार, आणि नैराश्य असेल तर पुढे काय तपासायचं, कोणतं औषध किती मात्रेत सुरू करायचं, पेशंटला परत कधी बोलवायचं, हे तो पडदा पायरीपायरीने सुचवणार. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, “पेशंट तपासणं म्हणजे फॉर्म भरणं नव्हे. आम्ही माणसाच्या चेहऱ्याकडे बघतो.” टाळ्या पडल्या. तो मुलगा गोंधळून खाली बसला. त्या टाळ्या मला बरेच दिवस पुरल्या. त्या तरुणाच्या चेहऱ्याकडे मी तीन वेळा पाहिलं होतं, ही आठवण त्या दिवशी मला झाली नाही.

2019च्या जानेवारीत मी म्हैसूरला गेलो. बेळगावला माझ्याबरोबर शिकलेला, वसतिगृहात माझ्याच खोलीत राहिलेला एक मित्र तलकाडजवळच्या गावात दवाखाना चालवतो. बरीच वर्षं तो बोलवत होता. म्हैसूरपासून पंचेचाळीसेक किलोमीटरवर, तिरुमकूडल नरसीपूरच्या पुढे, कावेरीच्या काठी तलकाड आहे. एका काळी गंग राजांची राजधानी. आता निम्मं गाव वाळूखाली आहे आणि देवळं वाळू उपसून बाहेर काढावी लागतात. आदल्या रात्री आमच्या जुन्या गप्पा संपत नव्हत्या. सकाळी तो म्हणाला, “ओपीडी आटोपतो, मग देवळं बघू. तू बस माझ्या शेजारी.” सीमेवर वाढल्यामुळे मला कन्नड चांगलं कळतं. मी स्टूल ओढून बसलो.

अकराच्या सुमारास चाळिशीच्या एक बाई आल्या. शेतावर मजुरी करणाऱ्या. बसल्या आणि म्हणाल्या, “मै-कै नोवु, डॉक्ट्रे.” सगळं अंग दुखतंय. मग सुस्तु, म्हणजे थकवा. मग तले सुत्तु, म्हणजे गरगरणं. मग निद्दे बरल्ला, झोप येत नाही. मी मनातल्या मनात चिठ्ठी लिहूनही टाकली होती. आमच्याकडे हीच बाई ‘समदं अंग मोडून आलंय, हातापायाची आग होतीया’ म्हणत रोज दोनदा तरी येते. माझं तिच्यासाठी एक इंजेक्शन ठरलेलं आहे. लालसर रंगाचं असतं, थोडं झोंबतं, आणि झोंबतं म्हणूनच लोकांचा त्याच्यावर विश्वास असतो.

मित्राने आधी सगळं नीट तपासलं. खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का बघितलं, गळा चाचपला, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी लिहून दिली. मग ड्रॉवरमधून टॅब्लेट काढला. जागतिक आरोग्य संघटनेने मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांसाठी 2010 साली एक मार्गदर्शिका काढली होती. 2016मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली आणि 2017च्या ऑक्टोबरात ती ॲपच्या रूपातही निघाली. ते ॲप त्याच्याकडे होतं, आणि त्याच्या जोडीला नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांत हे हे किती दिवस झालं, असं प्रत्येक प्रश्नात विचारायचं. उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. मला चीड आली. माझा मित्र, माझ्याहून हुशार माणूस, समोर दुखणाईत बाई बसलेली असताना पडद्यावर बोट फिरवतो आहे.

तो प्रश्न वाचून दाखवत नव्हता. पडद्यावर एक नजर टाकायचा आणि मग बाईंकडे बघून आपल्या शब्दांत विचारायचा. आधी आवडायचं ते काम आता करावंसं वाटतं का? सणाला घरात काय केलं? जेवण जातं का? बाई एकेका शब्दात उत्तर देत होत्या. मी टेबलाच्या या बाजूने पडदा वाचत होतो. प्रश्न संपायच्या आधीच माझी नजर मार्गदर्शिकेच्या पानावर खाली गेली आणि तिथे एक ओळ दिसली. तिचा अर्थ असा होता: व्हिटॅमिनच्या इंजेक्शनांसारखे निरुपयोगी उपचार देऊ नका.

मी ती ओळ दोनदा वाचली. जिनिव्हात बसून ती लिहिणाऱ्यांना माझा दवाखाना माहीत असण्याचं कारण नव्हतं. म्हणजे मी करतो ते जगभर माझ्यासारखे किती जण करत असतील, की ते करू नका असं मुद्दाम छापावं लागलं. इतक्या वर्षांत अशी किती इंजेक्शनं दिली याचा हिशेब मी त्या स्टुलावर बसून लावू लागलो, आणि काही हजारांवर गेल्यावर तो सोडून दिला.

तेवढ्यात तो नवव्या प्रश्नाला आला. हा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. मित्र थांबला. टॅब्लेट त्याने टेबलावर पालथा ठेवला. दारातल्या नर्सला हाताने खूण करून दार लोटायला सांगितलं. मग खुर्ची थोडी पुढे ओढली आणि हळू आवाजात विचारलं, “बदुकु साकु अन्सुत्ता, अम्मा?” जगणं पुरे झालं असं वाटतं का?

मला वाटलं, आता ही बाई उठून जाईल, किंवा रडून गोंधळ होईल, बाहेरचे लोक आत येतील. माझ्या हाताला घाम आला होता. काहीच झालं नाही. बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. मित्र काही न बोलता बसून राहिला. कितीतरी वेळ गेला असं मला वाटलं, खरं म्हणजे अर्धं मिनिटही झालं नसेल. मग त्या म्हणाल्या, “साकागिदे.”

पुरे झालंय. एवढा एकच शब्द. पण तो म्हणताना त्यांचे खांदे खाली आले. डोक्यावरचा भारा उतरवणाऱ्या बाईचे खांदे मी रोज बघतो, तसे. नसलेला विचार कुणी त्यांच्या डोक्यात घातला नव्हता. तो किती दिवसांपासून तिथे होता कोण जाणे, आणि तो बाहेर काढायला कुणी जागा दिली नव्हती. माझी पहिली समजूत तिथेच मोडली.

त्यानंतरचं सगळं संथपणे झालं. तसे विचार कधी येतात, काही ठरवलं आहे का, घरात कोण असतं, हे मित्राने विचारलं. पूर्वी कधी याच्या उलट झालं होतं का, म्हणजे झोप नसताना अंगात वारं भरल्यासारखा उत्साह, अफाट बोलणं, पैसे उधळणं, हेही विचारलं. नैराश्यावरचं औषध सुरू करण्यापूर्वी हा प्रश्न पडद्यावर येतोच, कारण तशा माणसाला नुसतं नैराश्यावरचं औषध दिलं तर तो दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. मग बाईंच्या परवानगीने बाहेर बसलेल्या बहिणीला आत बोलावलं. पुढचे काही दिवस यांना एकटं सोडायचं नाही आणि घरातली फवारणीची औषधं आजच कुलपात जातील, एवढं तिच्याकडून कबूल करून घेतलं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या मानसोपचारतज्ज्ञांना त्यांच्यासमोरच फोन लावला. औषधाचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर सोडू नका, बरं वाटल्यावरही नऊ महिने ते वर्षभर घ्यावं लागेल, असं सांगितलं. आठवड्याच्या आत परत बोलावलं. एकूण पंचवीस मिनिटं गेली. इंजेक्शन दिलं नाही.

दुपारी आम्ही देवळांकडे निघालो. मी गप्प होतो. वाळूच्या टेकाडांमधून जाणाऱ्या वाटेवर तो पुढे चालत होता. तलकाडचा मुख्य देव वैद्येश्वर. तल आणि काड नावाच्या दोन भिल्लांनी झाडावर कुऱ्हाड घातली, तर झाडातून रक्त आलं. मग त्यांनी त्याच झाडाचा पाला जखमेला बांधला आणि देवाने स्वतःलाच बरं करून घेतलं, म्हणून तो वैद्यांचा ईश्वर, अशी कथा. माझं मन मात्र दुसऱ्या कथेत अडकलं. ती प्रत्येक वाटाड्या सांगतो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला म्हैसूरच्या राजा वडियारने श्रीरंगपट्टण घेतलं. तिथल्या अधिपतीची पत्नी अलमेलम्मा दागिने घेऊन इकडे आली, आणि सैनिक मागे लागल्यावर तिने कावेरीत उडी घेतली. उडी घेताना तिने शाप दिला: तलकाड वाळूत बुडेल, शेजारच्या मालंगीला डोह होईल, आणि म्हैसूरच्या राजांना मूल होणार नाही. वाळू का आली, राजांना वारस होते की दत्तक घ्यावे लागले, यावर लोक आजही हिरिरीने बोलतात. नदीने वळण बदललं, बंधारा झाला, वारा लागला, अशी कारणंही अभ्यासक मांडतात. एका बाईने पाण्यात उडी घेतली, ही त्या कथेतली बाकी सगळ्यांहून मोठी गोष्ट. ती मात्र सगळे एका वाक्यात संपवतात. तिला त्या काठावर उभं असताना काय वाटत होतं, हे मला कुणी सांगितलं नाही. मीही कधी मनात आणलं नव्हतं. त्या दिवशी आणलं.

कीर्तिनारायणाच्या देवळाच्या पायरीवर बसून मी वाद काढलाच. म्हटलं, “हे सगळं तू पडद्याशिवायही विचारलं असतंस. तुझ्यात माणुसकी आहे.” तो म्हणाला, “नाही विचारलं, माराया. वीस वर्षं नाही विचारलं.” मग म्हणाला, “गर्भार बाई आली की तू कार्ड भरतोस ना? वजन, बीपी, हिमोग्लोबिन? तिथे तुला अपमान वाटत नाही. कार्ड नसतं तर गर्दीच्या दिवशी एखादीचं बीपी बघायचं राहून गेलं असतं, हे तुला मान्य आहे. मनाची गोष्ट निघाली की तेवढं तुझं शिक्षण आड येतं.”

मी म्हटलं, मी विसरत नाही. आणि म्हणता म्हणता मला कळलं की तेच तर आहे. मी विसरत नव्हतो. मी टाळत होतो. त्या तरुणाने दाराच्या चौकटीला हात लावला तेव्हा माझ्या आत काहीतरी हललं होतं, आणि ते हललेलं मला नको होतं म्हणूनच मी घंटी वाजवली. ज्याला मी इतक्या वर्षांचा अनुभव म्हणत आलो, त्यातला मोठा हिस्सा हा होता: कुठला प्रश्न विचारला तर आपली सकाळ बिघडेल, हे मी बरोबर ओळखायला शिकलो होतो. यंत्राला चेहरा वाचता येत नाही, असं मी भर सभेत म्हणालो होतो. मला चेहरा वाचता येत होता. वाचून मी पान उलटत होतो. मित्राला मी त्या तरुणाबद्दल तिथेच, त्या पायरीवर, पहिल्यांदा पूर्ण सांगितलं. त्याने काही समजूत घातली नाही. त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

परत आल्यावर मी वाचायला बसलो, आणि वाचताना वारंवार लाज वाटली, कारण यातलं बरंच काम माझ्या आसपास, माझ्या डोळ्यांदेखत झालेलं होतं. साध्या डॉक्टरांना मनाचे आजार हाताळायला शिकवायचं, ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982चा, आणि बंगळुरूच्या निमहान्सने त्याच दशकात बळ्ळारी जिल्ह्यात तो प्रत्यक्ष राबवून दाखवला. चंदीगडच्या पीजीआयमध्ये डॉ. सविता मल्होत्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगराळ भागातल्या डॉक्टरांसाठी निदान आणि उपचार दोन्हींत मदत करणारी संगणकप्रणाली तयार केली. आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात जॉर्ज इन्स्टिट्यूटने नेमकी तीच व्यवस्था उभी केली, जिला मी टाळ्या घेऊन हाणून पाडलं होतं. आशाने टॅब्लेटवर प्रश्न विचारायचे, डॉक्टरच्या पडद्यावर सल्ला यायचा, आणि कुणाकडे आधी जायचं ते आशाला लाल, केशरी, हिरव्या रंगांनी कळायचं. तिथल्या सुरुवातीच्या प्रयोगात ज्यांना गरज होती त्यांच्यापैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण 0.8 टक्क्यांवरून 12.6 टक्क्यांवर गेलं. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात गावातल्याच माणसांनी घरोघरी जाऊन बोलायला सुरुवात केली, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणारे दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले.

गोव्यातल्या ‘मानस’ प्रयोगावर मी जास्त थांबलो. ‘संगाथ’ संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत आणि माझ्यासारख्या खासगी डॉक्टरांकडे प्रशिक्षित समुपदेशक बसवून पाहिले. 2010मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निकालांत सरकारी केंद्रांत ठळक फायदा दिसला. खासगी डॉक्टरांकडे मात्र समुपदेशक नसतानाही पेशंट जवळजवळ तेवढेच सुधारले. हे वाचून क्षणभर मी सुखावलो. बघा, आम्ही पुरेसे आहोत. मग पद्धतीचा भाग वाचला. ज्या डॉक्टरांकडे समुपदेशक नव्हता, त्यांनाही चाचणीचा निकाल आणि उपचारांची माहितीपुस्तिका हातात दिलेली होती. म्हणजे ते डॉक्टर मी जसा होतो तसे नव्हते. या माणसाला नैराश्य आहे, हे कुणीतरी त्यांच्यासमोर लिहून ठेवलं होतं. त्यांना पान उलटता येत नव्हतं.

मी ते ॲप घेतलं. पहिले काही महिने वाईट गेले. ओपीडी लांबायची, कंपाउंडर चिडायचा. छापील मराठीतले प्रश्न आमच्या भागात कुणाला कळत नव्हते. ‘खिन्न’ म्हटलं की लोक माझ्या तोंडाकडे बघत. ‘कशात मन लागंना झालंय का?’ म्हटलं की उत्तर यायचं. गुणांची बेरीज मशीन करतं, पण पेशंटच्या तोंडचा शब्द मशीनला माहीत नसतो. तो आपल्याला शोधावा लागतो. उलट्या उत्साहाबद्दलचा प्रश्न पाहिल्यावर मला आणखी एक जुना पेशंट आठवला. त्याला मी मोठ्या धाडसाने नैराश्याची गोळी सुरू केली होती आणि महिन्याभरात तो रात्री-अपरात्री गावभर फिरून जमीन विकायच्या गोष्टी करू लागला होता. त्याला तेव्हा मी ‘व्यसनी’ ठरवून मोकळा झालो होतो. तो सुदैवाने दुसऱ्या डॉक्टरकडे बरा झाला.

सगळ्या शंका गेलेल्या नाहीत. नऊ प्रश्नांचे अठरा गुण आलेल्या शेतकऱ्याला औषध देता येतं, पण त्याचं पीककर्ज पडद्यावर कुठेच नसतं, आणि कधी कधी तेच मूळ असतं. ही माहिती कुठे साठते, उद्या कुणाच्या हाती लागेल, याचं समाधानकारक उत्तर मला मिळालेलं नाही, म्हणून मी पेशंटचं नाव टॅब्लेटमध्ये घालत नाही. आणि ‘तज्ज्ञाकडे पाठवा’ असं पडदा सांगतो तेव्हा तज्ज्ञ गाठायला पेशंटचा अख्खा दिवस आणि मजुरी जाते. आता 2022पासून टेलिमानस ही मदतवाहिनी आहे, 14416 या नंबरवर दिवसरात्र, फुकट, मराठीतही बोलता येतं. तो नंबर मी चिठ्ठीच्या मागे छापून घेतला आहे. ज्यांना गरज वाटते त्यांनी तो आत्ताच लिहून ठेवावा. डॉक्टरांनीही ठेवावा, आम्हालाही लागतो.

त्या तरुणाची आई अजून माझ्याकडेच येते. दर महिन्याला, रक्तदाबाची गोळी न्यायला. इतकी वर्षं मी तिचा दंड बांधून आकडा बघत आलो आणि डोळ्यांकडे बघायचं टाळत आलो. तलकाडहून आल्यावर दोन महिने मी तिलाही काही विचारलं नाही. मग एका दिवशी कंपाउंडरला दार लावायला सांगितलं आणि विचारलं. एक एक करत नऊही. नवव्याला ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “व्हय. लई येळा.” आणि नंतर माझ्याकडे सरळ बघत तिने विचारलं, “माझ्या पोराला असं इचारलं हुतं का वो, डाक्टर?”

मी नाही म्हणालो.

ती मान हलवून बसून राहिली. मीही बसून राहिलो. त्या दिवशी तिचे उपचार सुरू केले. पुढच्या आठवड्यात ती येईल की नाही याची मला खात्री नव्हती. ती ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळेला आली.